विश्लेषण : संगणकाचे जनक चार्ल्स बॅबेज यांना एकही यंत्र पूर्ण का करता आले नाही?

शाळेतली प्रश्नमंजूषा असो, एमएस-सीआयटी असो वा स्पर्धा परीक्षेची तयारी, ‘संगणकाचे जनक कोण’ या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे : चार्ल्स बॅबेज. उत्तर पाठ असते, गुणही मिळतो. मात्र ज्या यंत्रांसाठी हा मान त्यांना दिला जातो, त्यातले एकही यंत्र बॅबेज यांना पूर्ण उभे करता आले नाही. ब्रिटिश सरकारचे सुमारे १७ हजार पौंड, स्वतःच्या खिशातली मोठी रक्कम आणि जवळपास ५० वर्षे खर्चून त्यांच्या हाती राहिले ते एक छोटे प्रात्यक्षिक यंत्र आणि आराखड्यांचे ढीग. मग चूक कोणाची? त्या काळच्या कारखान्यांची, सरकारची, की खुद्द बॅबेज यांची?

बॅबेज कोण होते?

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बँकर, घरी पैशांची ददात नव्हती. १८१० मध्ये ते केम्ब्रिजला शिकायला गेले. तिथे जाईपर्यंत गणिताचे बरेच वाचन त्यांनी स्वतःच केले होते, त्यामुळे प्राध्यापकांचे गणित जुनाट आहे हे त्यांच्या लगेच लक्षात आले. न्यूटनच्या भक्तीपोटी इंग्लंडमध्ये कॅल्क्युलस अजूनही अक्षरावर टिंब देऊन लिहिले जात होते, तर युरोपात लायब्नित्स यांची ‘डी’ची पद्धत रुळली होती. जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या मित्रांसोबत बॅबेज यांनी १८१२ मध्ये ॲनालिटिकल सोसायटी काढली आणि ‘डी’चा प्रचार सुरू केला. बारावीच्या वर्गात ‘डी वाय बाय डी एक्स’ लिहिताना या तिघांची आठवण कोणी काढत नाही, पण इंग्रजी गणितात ती खूण रुजवण्यात त्यांचा मोठा हात होता.

१८१४ मध्ये पदवी मिळाली, त्याच वर्षी वडिलांचा विरोध पत्करून जॉर्जियाना व्हिटमोर यांच्याशी लग्नही झाले. नोकरीचे मात्र काही जमेना. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी घडवणाऱ्या हेलीबरीच्या कॉलेजात त्यांनी १८१६ मध्ये प्राध्यापकपदासाठी अर्ज केला होता. शिफारशी मोठ्या लोकांच्या होत्या, तरी जागा दुसऱ्याला मिळाली. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. थोडक्यात, नाव होते, बुद्धी होती, वडिलांकडून खर्चाला पैसे येत होते, पण ठरलेले असे काम नव्हते.

लॉग टेबलचा आणि संगणकाचा काय संबंध?

महाराष्ट्रात अकरावी-बारावी सायन्स केलेल्यांना लॉग टेबलची छोटी पुस्तिका आठवत असेल. कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून भौतिकशास्त्राच्या पेपरला ती घेऊन बसायचे. २०० वर्षांपूर्वी अशा तक्त्यांवरच जग चालत होते. जहाजाचा कप्तान समुद्रात आपली जागा शोधायचा ती तक्त्यांवरून. खगोलशास्त्रज्ञ, विमा कंपन्या, बँका, सर्वेक्षण करणारे, सगळ्यांची भिस्त त्यांवरच. हे तक्ते तयार करणाऱ्या माणसांना तेव्हा ‘कम्प्युटर’ म्हणत. कम्प्युटर हे यंत्राचे नव्हे, हुद्द्याचे नाव होते.

आणि माणसे चुकत. आकडेमोडीत चूक, उतरवून घेताना चूक, छापखान्यात खिळे जुळवताना आणखी चूक. चुकांचे शुद्धिपत्रक निघायचे आणि त्या शुद्धिपत्रकातही चुका असायच्या. १८२१ मध्ये बॅबेज आणि हर्शेल खगोलशास्त्रीय तक्त्यांच्या दोन स्वतंत्र प्रती ताडून पाहत बसले होते. एकामागून एक चुका निघत गेल्या तसे बॅबेज वैतागले आणि ही सगळी आकडेमोड वाफेच्या यंत्राने झाली असती तर किती बरे, असे बोलून गेले. पुढे त्यांनी ही आठवण अनेकदा सांगितली.

तक्त्यांचे वेड त्यांना किती होते याचा एक नमुना सांगायलाच हवा. १८२७ मध्ये त्यांनी १ ते १,०८,००० या संख्यांचे स्वतःचे लॉग टेबल छापले. ते पुन्हा पुन्हा तपासून घेतले. एवढ्यावर न थांबता, कोणत्या रंगाच्या कागदावर कोणत्या शाईतले आकडे वाचायला सोपे जातात हे पाहण्यासाठी त्यांनी १८३१ मध्ये दीडशेवर रंगछटांच्या कागदांवर वेगवेगळ्या शाईत नमुन्याची पाने छापली. मोबाइलमधल्या डार्क मोडवरून वाद घालणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

डिफरन्स इंजिन चालते कसे?

यामागची युक्ती इतकी साधी आहे की वहीवर करून पाहता येते. एखादी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. शून्यापासून सुरुवात केली तर उत्तरे येतात ४१, ४३, ४७, ५३, ६१. आता शेजारच्या उत्तरांमधले फरक काढा : २, ४, ६, ८. या फरकांमधले फरक काढा : २, २, २. दुसऱ्या पायरीला फरक कायम राहतो. म्हणजे उलट दिशेने जायचे असेल तर गुणाकाराची गरजच नाही. ८ मध्ये २ मिळवले की १०, ६१ मध्ये १० मिळवले की ७१. पुढचे उत्तर तयार. नुसत्या बेरजा करत तक्ता कितीही लांब नेता येतो. लॉगसारख्या तक्त्यांचेही छोटे छोटे तुकडे पाडून जवळजवळ हेच करता येते.

बेरीज दातेरी चाकांनी होते. प्रत्येक चाकावर ० ते ९ अंक. ९ च्या पुढे चाक गेले की शेजारच्या चाकाला एक घर ढकलायचे, म्हणजे आपण प्राथमिक शाळेत घेतो तो हातचा. बॅबेज यांच्या यंत्राला आलेले उत्तर आपणच छापायचे होते. ही कल्पना मला चाकांपेक्षाही महत्त्वाची वाटते. यंत्राने उत्तर बरोबर काढले आणि ते माणसाने चुकीचे उतरवले, तर यंत्राचा उपयोग काय? चुका नेमक्या कुठे शिरतात हे त्यांनी आधी पाहिले आणि मग यंत्र आखले.

१८२२ मध्ये त्यांनी एक लहान नमुना बनवून दाखवला. वरचे ४१ चे उदाहरण त्यांनी त्याच नमुन्यावर करून दाखवले होते. ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने सुवर्णपदक दिले. १८२३ मध्ये सरकारने १,५०० पौंड मंजूर केले आणि काम सुरू झाले.

पैसे मिळाले, मग अडले कुठे?

पूर्ण यंत्राला सुमारे २५ हजार सुटे भाग लागणार होते. उंची आठ फूट. आज एकसारखे हजार नटबोल्ट मागवायचे तर दुकानात फोन करून भागते. तेव्हा प्रमाणित स्क्रू ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. शेकडो चाके एकसारखी हवीत, तर ती तशी कापणारी अवजारे आधी बनवा, आणि त्या अवजारांसाठी आणखी अवजारे. हे काम जोसेफ क्लेमंट या अव्वल कारागिराकडे गेले. क्लेमंट हा विणकराचा मुलगा, यंत्रकामात त्याचा हात धरणारे लंडनमध्ये थोडेच. त्याच्या कारखान्यात जोसेफ व्हिटवर्थ हा तरुण काम करत होता. याच व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये ‘बीएसडब्ल्यू’ ऐकलेल्यांना तो डब्ल्यू कुणाचा हे यावरून कळेल.

काम संथ चालले होते, तोच १८२७ हे वर्ष बॅबेज यांच्यावर कोसळले. त्या एका वर्षात वडील गेले, पत्नी जॉर्जियाना गेली, दोन मुलेही गेली. बॅबेज दांपत्याला आठ मुले झाली, त्यातले तीनच मुलगे प्रौढ वयापर्यंत जगले. वडिलांकडून सुमारे एक लाख पौंडांची संपत्ती मिळाली, त्यामुळे पुढे आयुष्यभर पोटापाण्याची चिंता उरली नाही. पण बॅबेज यांची तब्येत आणि मन दोन्ही ढासळले. मित्रांच्या आग्रहावरून ते वर्षभरासाठी युरोपात फिरायला निघून गेले. त्या प्रवासात असतानाच केम्ब्रिजमध्ये न्यूटनने भूषवलेल्या लुकेशियन प्राध्यापकपदावर त्यांची निवड झाली. ११ वर्षे ते या पदावर होते, आणि एकही व्याख्यान दिले नाही असे त्यांच्याबाबत सांगितले जाते.

परतल्यावर पुन्हा पैशांचा प्रश्न. मदतीला आले पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन. जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. त्यांनी नमुना पाहिला, काम पाहिले आणि तिजोरी पुन्हा उघडायला लावली. १८३२ मध्ये क्लेमंटने सुमारे दोन हजार भागांचा एक तुकडा जोडून दिला. मुख्य गणन यंत्राचा हा साधारण सातवा हिस्सा. तो उत्तम चालला, आजही चालतो.

नेमके याच टप्प्यावर सगळे फिसकटले. क्लेमंटचा कारखाना बॅबेज यांच्या घरापासून काही मैलांवर होता. बॅबेज यांना काम घराजवळ हवे होते, सरकारने त्यासाठी आगीपासून सुरक्षित इमारतही बांधून दिली. कारखाना हलवण्याची भरपाई म्हणून क्लेमंटने मोठी रक्कम मागितली. ती नाकारली गेली. बिले सरकारकडून उशिरा यायची, तोवर बॅबेज पदरचे पैसे घालायचे. मार्च १८३३ मध्ये बॅबेज यांनी आगाऊ पैसे देणे थांबवले आणि क्लेमंटने कारागिरांना घरी पाठवले. त्या काळच्या धंद्यातल्या रिवाजानुसार कामासाठी बनवलेली अवजारे कारागिराच्या मालकीची राहत, मग त्यांचा खर्च कोणीही केलेला असो. म्हणजे सरकारी पैशांतून बनलेली अवजारे क्लेमंटकडेच राहिली. आराखडे आणि भाग परत मिळायलाही वर्षाहून अधिक काळ गेला. क्लेमंटने फसवले असे बॅबेज यांच्या बाजूने लिहिणारे म्हणतात. मला तसे वाटत नाही. रिवाज ठाऊक असताना करार लेखी आणि पक्का केला नाही, हा दोष कारागिराचा कसा?

सरकारचा एकूण खर्च १७ हजार पौंडांवर गेला. तुलनेसाठी, १८३१ मध्ये स्टीफन्सन यांच्या कारखान्यातून अमेरिकेला गेलेल्या ‘जॉन बुल’ या रेल्वे इंजिनाची किंमत ८०० पौंडांहून कमी होती. अशी वीसेक इंजिने आली असती.

मग ॲनालिटिकल इंजिन कुठून आले?

रिकाम्या वेळातून. आराखडे क्लेमंटकडे अडकलेले असताना बॅबेज यांनी सगळा विचार नव्याने सुरू केला. डिफरन्स इंजिन एकच काम करू शकते, बेरजा. मग सांगू ते गणित करणारे यंत्र का नको? १८३४ पासून या विचाराने आकार घेतला आणि ॲनालिटिकल इंजिन जन्मले, कागदावर.

त्यात आकडे साठवायचा भाग वेगळा आणि आकडेमोड करायचा भाग वेगळा. पहिल्याला नाव ‘स्टोअर’, दुसऱ्याला ‘मिल’. शब्द कापडधंद्यातून घेतलेले : सूत कोठारातून गिरणीत यायचे, कापड होऊन परत जायचे. आजच्या भाषेत मेमरी आणि प्रोसेसर. कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे हे सांगायला भोके पाडलेली कार्डे. ही कल्पना फ्रान्सच्या जॅकार्ड मागावरून घेतली. त्या मागावर कार्डांच्या भोकांनुसार कापडात नक्षी विणली जायची. जॅकार्ड यांचे रेशमात विणलेले चित्र बॅबेज पाहुण्यांना अभिमानाने दाखवत. त्या एका चित्रासाठी २४ हजार कार्डे लागली होती. यंत्र कार्डे उलटी फिरवून तीच पायरी पुन्हा करू शकणार होते, आणि आलेल्या उत्तरावरून पुढची वाट बदलू शकणार होते. प्रोग्रॅमिंग शिकणारा याला लूप आणि इफ म्हणेल.

एक बारकावा तर थक्क करतो. ९९९९९९ मध्ये १ मिळवला तर हातचा एकेक चाक ओलांडत शेवटपर्यंत जातो आणि त्यात वेळ जातो. बॅबेज यांनी अशी रचना केली की पुढे ९ आहेत हे यंत्राला आधीच कळावे आणि सगळे हातचे एकदम जावेत. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात ‘कॅरी लुक-अहेड ॲडर’ची आकृती घोकलेल्यांना ही ओळख पटेल. फरक इतकाच की बॅबेज यांनी हे पितळ आणि लोखंडात विचार करून काढले, विजेचा त्यात संबंध नाही.

याच काळात त्यांच्या घरी शनिवारी मेजवान्या रंगत. चार्ल्स डार्विन, चार्ल्स डिकन्स यांच्यासारखी माणसे येत. तिथे १८३२ चा तो तुकडा ठेवलेला असे. बॅबेज तो एका नियमाने आकडे मोजायला लावत, बराच वेळ तेच चाले आणि अचानक आकडा उडी घेई. पाहुणे चक्रावत. ही उडी आधीपासून ठरवून ठेवलेली आहे, तसेच निसर्गातले चमत्कारही नियम मोडून नव्हे तर आधीच लिहिलेल्या नियमांनी घडत असावेत, असे ते समजावत. १८३७ मध्ये त्यांनी यावर पुस्तकही लिहिले. चुकीचे आकडे घातले तरी यंत्र बरोबर उत्तर देईल का, असे त्यांना खासदारांनी दोनदा विचारले होते. असा प्रश्न पडण्यासाठी डोक्यात काय गोंधळ असावा लागतो, हे आपल्याला उमगत नाही, अशी नोंद बॅबेज यांनी करून ठेवली. डेटाचा कचरा घालून अचूक अहवालाची अपेक्षा ठेवणारे आजही कमी नाहीत.

एडा लव्हलेस यांची भूमिका किती?

कवी बायरन यांच्या कन्या एडा १७ वर्षांच्या असताना, जून १८३३ मध्ये, अशाच एका मेजवानीत बॅबेज यांना भेटल्या. बॅबेज यांनी १८४० मध्ये इटलीतल्या तुरिनला ॲनालिटिकल इंजिनाविषयी सांगितले. ते ऐकून लुईजी मेनाब्रेआ या तरुण इंजिनीअरने फ्रेंचमध्ये लेख लिहिला. हे मेनाब्रेआ पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. एडा यांनी त्या लेखाचा इंग्रजी अनुवाद केला आणि १८४३ मध्ये छापताना मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट टिपा जोडल्या. शेवटच्या टिपेत बर्नोली संख्या काढण्याच्या पायऱ्या आहेत. त्यालाच जगातला पहिला प्रोग्रॅम म्हणतात.

यावर वाद आहे. बॅबेज यांनी त्याआधी काही वर्षे अशा पायऱ्यांचे लहान तक्ते लिहिले होते, त्यामुळे ‘पहिला’ हा शब्द जपून वापरावा. पण आकडे म्हणजे फक्त संख्या नव्हेत, त्यांच्या जागी संगीताचे सूर किंवा दुसरी कोणतीही खूण ठेवता येईल आणि यंत्र तिच्यावरही काम करेल, हा विचार एडा यांचा आहे. बॅबेज यांच्या लेखनात तो सापडत नाही. त्यांची नजर शेवटपर्यंत गणितावरच खिळली होती.

छपाईच्या वेळी दोघांचे खटकलेही. सरकारवर टीका करणारे निनावी निवेदन या लेखासोबत छापावे, असा बॅबेज यांचा हट्ट होता. एडा यांनी नकार दिला. नंतर त्यांनी लांबलचक पत्र लिहून प्रस्ताव ठेवला : यंत्राचे तंत्र बॅबेज यांनी पाहावे, लोकांशी आणि सरकारशी बोलण्याची जबाबदारी आपल्याकडे द्यावी. बॅबेज यांनी तो फेटाळला. मैत्री टिकली, पण ती संधी गेली. १८५२ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी एडा यांचे कर्करोगाने निधन झाले.

सरकारने हात का झटकले?

पहिले यंत्र अर्धवट असताना बॅबेज यांनी सरकारला कळवले, की त्याहून सरस यंत्र सुचले आहे. प्रामाणिकपणा खरा, पण आयटीत काम करणाऱ्या कुणालाही पुढचे सांगायला नको. पहिला प्रोजेक्ट अपुरा, बजेट संपलेले, आणि आता व्हर्जन दोन? जुने पूर्ण करायचे की नवे धरायचे याचे सरळ उत्तर बॅबेज मागत राहिले. सरकारे बदलली, उत्तर आले नाही.

१८४२ मध्ये रॉबर्ट पील यांच्या सरकारने राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांचे मत घेतले. यंत्र निरुपयोगी आहे, असे एअरी यांनी कळवले. एअरी यांना खलनायक ठरवण्याची पद्धत आहे. पण त्यांचे म्हणणे सरळ होते : लागणारे तक्ते माणसे कमी पैशांत करतात आणि बरेचसे तक्ते एकदा केले की झाले. हिशेब म्हणून त्यात चूक नव्हती. हे तंत्र पुढे कुठे नेता येईल, हे मात्र त्या हिशेबात बसणारे नव्हते. प्रकल्प बंद झाला.

नोव्हेंबर १८४२ मध्ये बॅबेज पील यांना भेटले. ही भेट शेवटची संधी होती. बॅबेज यांनी वेळ घालवला तो आपल्यावर झालेल्या अन्यायाची आणि दुसऱ्यांना मिळालेल्या पेन्शनींची यादी वाचण्यात. पील यांनी थंडपणे सांगितले, की नवे यंत्र शोधून जुने तुम्हीच निकामी ठरवले आहे. बॅबेज उठून निघून गेले.

माणूस असा होता. १८३० मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या विज्ञानाच्या अधोगतीवर पुस्तक लिहून रॉयल सोसायटीचे वाभाडे काढले. त्यात प्रयोगाचे आकडे कसे खोटे केले जातात, टोके कशी छाटली जातात, सोयीचे आकडे कसे शिजवले जातात, याचे वर्गीकरण आहे. ते आजही प्रत्येक पीएचडी करणाऱ्याने वाचावे असे आहे. मात्र ज्या वर्तुळातून पाठिंबा मागायचा त्याच वर्तुळाला दुखावून ते बसले. संसदेची निवडणूक दोनदा लढले, दोनदा हरले.

१८४७ ते १८४९ या काळात त्यांनी डिफरन्स इंजिन क्रमांक २ चे आराखडे काढले. नवे यंत्र ३१ अंकी उत्तर देणारे, पण सुटे भाग एक तृतीयांशच, सुमारे आठ हजार. १८५२ मध्ये ते सरकारला देऊ केले. नकार आला.

आणि इथे गोष्टीला खरी कलाटणी आहे. स्वीडनमध्ये गेऑर्ग शॉइट्स या छापखानेवाल्या संपादकाने बॅबेज यांच्या यंत्रावरचा लेख १८३४ मध्ये वाचला. आपल्या मुलाला, एडवर्डला, हाताशी धरून त्याने कमी अचूक, कमी खर्चाचे यंत्र बनवायला घेतले. १८५३ मध्ये ते पूर्ण झाले, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले आणि पुढे ते अमेरिकेतल्या एका वेधशाळेने विकत घेतले. सगळ्यांशी भांडणारे बॅबेज या बापलेकांशी मात्र दिलदारपणे वागले, त्यांचे जाहीर कौतुक केले. त्याच यंत्राची एक प्रत ब्रिटिश सरकारने १८५९ मध्ये करून घेतली आणि तिच्या मदतीने आयुर्मानाचे तक्ते काढले. ज्या सरकारने बॅबेज यांना नकार दिला, त्याच सरकारने!

शेवटची वर्षे कशी गेली?

बॅबेज यांनी यंत्रांखेरीज केलेली कामे वाचली की एका आयुष्याची वाटत नाहीत. कारखान्यांच्या अर्थकारणावरचे त्यांचे १८३२ चे पुस्तक गाजले, कार्ल मार्क्सनेही त्याचा आधार घेतला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या डब्यात उपकरणे बसवून त्यांनी धक्क्यांची मोजमापे घेतली. शतकानुशतके अभेद्य मानली गेलेली व्हिजनेर सांकेतिक लिपी त्यांनी १८५० च्या दशकात फोडली, पण प्रसिद्ध केली नाही. श्रेय १८६३ मध्ये छापून मोकळे झालेल्या कासिस्की या प्रशियन अधिकाऱ्याला गेले. खिडक्यांच्या काचा कशा फुटतात याचाही त्यांनी १८५७ मध्ये तक्ता छापला.

उतारवयात त्यांचे वैर जडले ते रस्त्यावरच्या वाजंत्र्यांशी. हाताने फिरवायच्या बाजाच्या पेट्यांनी कामात व्यत्यय येतो म्हणून त्यांनी ८० दिवसांत १६५ प्रसंगांची नोंद केली. १८६४ मध्ये लंडनमध्ये रस्त्यावरच्या संगीताविरुद्ध कायदा झाला, त्यामागे त्यांचीही चळवळ होती. त्याची परतफेड शेजाऱ्यांनी केली. मुद्दाम त्यांच्या दाराशी वाजंत्री येऊन वाजवू लागले, पोरे मागे लागून हुर्यो उडवू लागली. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी, ७९ व्या वर्षी बॅबेज यांचे निधन झाले.

यंत्र बनणे शक्य होते का?

त्यांचा धाकटा मुलगा हेन्री हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात अधिकारी होता. सुटीवर इंग्लंडला आल्यावर तो वडिलांकडून यंत्राचे आराखडे वाचायला शिकला होता. नोकरी संपवून परतल्यावर उरलेल्या सुट्या भागांतून त्याने काही छोटे नमुने जोडले. त्यातला एक अमेरिकेत हार्वर्डला गेला. १९३० च्या दशकात हॉवर्ड आयकेन यांनी तो तिथे पाहिला. आयकेन यांचे हार्वर्ड मार्क १ हे स्वयंचलित गणकयंत्र १९४४ मध्ये सुरू झाले.

त्या काळी इतके अचूक भाग बनवणेच अशक्य होते, असे पुस्तकांत बरीच वर्षे छापले जात होते. लंडनच्या सायन्स म्युझियममधले डोरॉन स्वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासायचे ठरवले. क्लेमंटने बनवलेले जुने भाग मोजून, तितक्याच अचूकतेचे भाग बनवून त्यांनी डिफरन्स इंजिन क्रमांक २ उभारले. आराखड्यांत काही चुका निघाल्या, त्या दुरुस्त करता आल्या. नोव्हेंबर १९९१ मध्ये, बॅबेज यांच्या दोनशेव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी, यंत्राने पहिली पूर्ण आकडेमोड बिनचूक केली. छपाईचा भाग २००२ मध्ये जोडला गेला. तोही चालला.

म्हणजे लोखंड आणि पितळ आड आले नव्हते. पैसा होता, कारागीर होता, आराखडाही होता. आड आले ते ढिसाळ करार, दर वेळी अधिक चांगले सुचण्याची सवय आणि भेटीला गेल्यावर मुद्द्यावर न बोलण्याची खोड. सरकारची दिरंगाईही आहेच, पण दहा वर्षे पैसे देऊनही पूर्ण यंत्र न दिसल्यावर कोणते अर्थखाते वेगळे वागले असते?

पाच टनांचे, ११ फूट लांबीचे हे यंत्र आणि क्लेमंटने १८३२ मध्ये जोडलेला तुकडा, दोन्ही सायन्स म्युझियमच्याच संग्रहात आहेत. बॅबेज यांचा अर्धा मेंदूही तिथेच जपून ठेवला आहे. उरलेला अर्धा लंडनच्याच हंटेरियन म्युझियममध्ये आहे.